टॅगची साक्ष आणि फोनची रुजुवात

2022 सालच्या जून महिन्यात एक चित्रफीत देशभरातल्या मोबाइलांवर हां हां म्हणता पसरली. मोटारीची पुढची काच पुसण्याच्या मिषाने जवळ आलेला एक मुलगा मनगटावरचे घड्याळ काचेवरील फास्टॅगवरून फिरवितो आणि तेवढ्याने मालकाच्या खात्यातली रक्कम लांबवितो, असा तीत दावा होता. आणि तो दिसावयास इतका पटण्याजोगा होता की, शिकल्यासवरल्या मंडळींनीही ती चित्रफीत आप्तेष्टांना तातडीने पाठवून सावधगिरीचा इशारा देण्याचे पुण्यकर्म पार पाडले. टोलवसुलीची ही यंत्रणा चालविणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने लागलीच खुलासा केला की, फास्टॅगवरची वसुली केवळ नोंदलेल्या टोलनाक्यांच्या व वाहनतळांच्या चालकांनाच करता येते आणि एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीकडे पैसे वळविण्याची सोयच तीत ठेवलेली नाही. खुलासा वाचून लोक निश्चिंत झाले व विषय मागे पडला. परंतु तो दावा खोटा का होता, हे ज्याला नीट उमगेल त्याला रेडिओ-लहरींच्या साहाय्याने वस्तूंची ओळख पटविणाऱ्या, आरएफआयडी या आद्याक्षरांनी परिचित असलेल्या विद्येचे, आणि तिच्या आधारे मोबाइलची ॲप्स रचणाऱ्यांच्या व्यवसायाचे मर्मच उमगले, असे म्हणावयास हरकत नाही.

ते मर्म असे की, टॅग फार थोडे बोलतो. काचेवर चिकटविलेल्या त्या पट्टीत ना पैसे असतात, ना खाते, ना शिल्लक. तीत मुख्यत्वे एक क्रमांक असतो, आणि विचारणा होताच तो सांगणे एवढेच तिचे काम. हा क्रमांक कोणत्या गाडीचा, ती गाडी कोणत्या वर्गातली, टॅग कोणत्या बँकेने दिलेला, हा सारा तपशील दूरवरच्या दप्तरात असतो. नाक्यावरून गेलेली मागणी वसुली करणाऱ्या बँकेमार्फत त्या दप्तरापर्यंत पोहोचते, तेथे तिची छाननी होते आणि मगच टॅग देणाऱ्या बँकेकडे रकमेचा तगादा जातो. म्हणजे सुरक्षितता टॅगच्या मौनात नसून दप्तराच्या शिस्तीत आहे. आणि टॅगचा उच्चार व दप्तरातली नोंद यांच्या दरम्यान जे ॲप उभे असते, त्याने ऐकलेल्या प्रत्येक शब्दाला सत्य न मानता साक्ष मानले पाहिजे, आणि साक्षीची रुजुवात झाल्याशिवाय तिची नोंद करता कामा नये.

प्रथम हा उच्चार कसा होतो ते पाहू. बॅटरी नसलेली वस्तू बिनतारी उत्तर देऊ शकते ही कल्पना पाऊण शतकाहून जुनी आहे. 1945 साली मॉस्कोतील अमेरिकी राजदूत ॲव्हरेल हॅरिमन यांना सोव्हिएत बालसंघटनेतर्फे लाकडात कोरलेली अमेरिकेची राजमुद्रा भेट मिळाली आणि ती राजदूतांच्या निवासस्थानी सन्मानाने टांगली गेली. 1952 साली तिच्या पोटात लिओन थेरेमिन यांनी रचलेले एक ध्वनिग्राहक उपकरण सापडले. त्याला तार नव्हती, विजेचा साठाही नव्हता. बाहेरून रेडिओ-लहरींचा झोत त्यावर पडला म्हणजे खोलीतील बोलण्याने थरथरणारा पडदा परत जाणाऱ्या लहरींत फरक घडवून आणी आणि तो फरक बाहेरचा श्रोता टिपून घेई. 1948 च्या ऑक्टोबरात हॅरी स्टॉकमन यांनी अमेरिकेतील रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेच्या मुखपत्रात परावर्तित शक्तीच्या योगे संदेशवहन करण्याविषयी निबंध लिहून याच तत्त्वाचे शास्त्रीय विवेचन केले आणि ते व्यवहारात उतरण्यापूर्वी पुष्कळ संशोधन व्हावयास हवे, असेही बजाविले. 1973 साली मारिओ कार्डुलो यांना स्मृती असलेल्या, बॅटरीविरहित टॅगचे पेटंट मिळाले. त्याच वर्षी चार्ल्स वॉल्टन यांनी दार उघडणाऱ्या कार्डाचे पेटंट मिळविले.

आजचे टॅग स्थूलमानाने तीन कुळांचे. पहिले कूळ 125 ते 134 किलोहर्ट्झ या नीच कंप्रतेचे. पाळीव कुत्र्यांच्या कातडीखाली घालतात ती तांदळाच्या दाण्याएवढी चिप याच कुळातली. दुसरे 13.56 मेगाहर्ट्झचे, मेट्रोचे कार्ड, बँकेचे स्पर्शाने चालणारे कार्ड, ई-पासपोर्ट आणि अनेक ग्रंथालयांतील पुस्तकांचे टॅग हे सारे याच्या गोतावळ्यातले. या कंप्रतेच्या लहरीची लांबी सुमारे 22 मीटर असते आणि टॅग काही सेंटिमीटरांवरच असतो. त्यामुळे येथे लहर दूर फेकण्याचा प्रश्न नसून वाचकयंत्राच्या व टॅगच्या वेटोळ्यांमध्ये चुंबकीय क्षेत्राचा दुवा जुळतो, त्यातूनच चिपला वीज मिळते आणि त्या विजेवरचा आपला भार कमीजास्त करून ती उत्तर देते. तिसरे कूळ 860 ते 960 मेगाहर्ट्झचे, ज्याला यूएचएफ म्हणतात. फास्टॅग, कपड्यांच्या दुकानांतील चिठ्ठ्या, गोदामांतील खोकी यांचा भरणा येथे. या लहरीची लांबी सुमारे 35 सेंटिमीटर. वाचकयंत्राने सोडलेली लहर टॅगच्या अँटेनावर आदळते, तिच्यातील काही मायक्रोवॅट शक्तीवर चिप जागी होते आणि अँटेनाचा गुण क्षणोक्षणी बदलून परतणाऱ्या लहरीवर आपला क्रमांक उमटविते. यामुळे काही मीटर अंतरावरूनही वाचन होते. मात्र पाणी ही लहर शोषून घेते आणि धातू तिला वेडेवाकडे परतविते, हे दोन दोष या कुळाला जन्मजात चिकटले आहेत.

आता त्या घड्याळाचे कोडे सुटते. खिशातल्या फोनमध्ये वा मनगटी घड्याळात जी एनएफसी नावाची सोय असते तिचा कान 13.56 मेगाहर्ट्झलाच लागलेला असतो, आणि फास्टॅग बोलतो तो 865 मेगाहर्ट्झच्या आसपास. नंदन नीलेकणी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 2010 साली देशभरच्या टोलनाक्यांसाठी यूएचएफ टॅगचीच शिफारस केली, कारण चालत्या गाडीचा टॅग चार बोटांवरून वाचणे शक्य नव्हते. म्हणूनच साध्या फोनवर फास्टॅग वाचणारे ॲप लिहिता येत नाही, मग प्रोग्रामर कितीही निष्णात असो.

एनएफसीचा इतिहास तसा अलीकडचा. 2004 साली सोनी, फिलिप्स आणि नोकिया या कंपन्यांनी एकत्र येऊन एनएफसी फोरम स्थापिला. 2010 च्या अखेरीस अँड्रॉइडच्या 2.3 आवृत्तीने एनएफसीला आपल्या घरात जागा दिली. आयफोनने ॲप लिहिणाऱ्यांना टॅगचा मजकूर वाचण्याची मुभा 2017 साली व लिहिण्याची मुभा 2019 साली दिली. तरीही दोहोंचा स्वभाव निराळा आहे. अँड्रॉइडमध्ये फोनला टॅग लागताच खुद्द कार्यप्रणाली त्यातील मजकूर पाहते आणि आपणास कोणत्या जातीचे टॅग हवेत हे ज्या ॲपने आधीच जाहीर करून ठेवले असेल त्याच्या स्वाधीन तो करते. एकाहून अधिक दावेदार निघाले तर निवड वापरणाऱ्यावर सोपविते, आणि तो निवड करीत असताना फोन हलला की टॅग हातचा जातो. म्हणून जाणता प्रोग्रामर आपले ॲप पडद्यावर असेपर्यंत सर्व टॅग थेट आपल्याकडेच यावेत अशी तजवीज करतो. आयफोनमध्ये ॲपनेच वाचनाचे सत्र उघडावे लागते, कार्यप्रणालीची पाटी पडद्यावर येते आणि मुदतीत टॅग न लागल्यास सत्र बंद होते. अँटेना आयफोनच्या वरच्या कडेला, तर अँड्रॉइड फोनांत पाठीवर कंपनीपरत्वे भिन्न ठिकाणी असते. तेव्हा फोन नेमका कोठे टेकवावा हे चित्राने दाखविणे हे सौजन्य नव्हे, ॲपच्या यशाची ती अट आहे.

एका सार्वजनिक ग्रंथालयाचे उदाहरण घेतले म्हणजे पुढचा विषय सोपा होईल. तेथील प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक असतो. तो पुस्तकाच्या पानावर, बारकोडच्या चिठ्ठीवर आणि ग्रंथालयाच्या संगणकीय दप्तरात सारखाच असतो. अशा ग्रंथालयाने मुखपृष्ठाच्या आत 13.56 मेगाहर्ट्झचे टॅग लाविले, तर ग्रंथपालाच्या हातातील साधा फोनही त्यांचा वाचक होऊ शकतो. ॲप लिहिणाऱ्यापुढचा पहिला प्रश्न हा की, टॅगमध्ये काय लिहावे? उत्साही मंडळींना वाटते की, पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, किंमत सारेच लिहून टाकावे. परंतु बाजारात सर्रास मिळणाऱ्या एनटॅग 213 या एनएफसी चिपमध्ये मजकुरासाठी 144 बाइट्स एवढीच जागा असते, आणि युनिकोडच्या यूटीएफ-8 या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट्स खाते. 'पुस्तक' या शब्दात उकार व हलन्त धरून सहा चिन्हे आहेत, म्हणजे तो एकटाच अठरा बाइट्स घेतो. मजकुराची भाषा सांगणारा संकेत व इतर आवश्यक वेष्टन वजा जाता मराठीची जेमतेम चव्वेचाळीस चिन्हे मावतील. शिवाय लेखकाच्या नावात दुरुस्ती झाली तर हजारो पुस्तके पुन्हा हाताळावी लागतील. तेव्हा टॅगमध्ये दाखल क्रमांक आणि ग्रंथालयाचा संकेत एवढेच असावे व बाकीचे दप्तरात, हाच शहाणपणाचा मार्ग.

हा मार्ग केवळ ग्रंथपालांचा नव्हे. 1999 साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये ऑटो-आयडी केंद्र स्थापन झाले, आणि डेव्हिड ब्रॉक, कानपूरच्या आयआयटीचे पदवीधर संजय सरमा व केव्हिन ॲश्टन यांनी आग्रहाने मांडलेला विचार हाच होता: टॅगमधील स्मृती जितकी वाढेल तितकी चिप महाग होईल, म्हणून टॅगला फक्त क्रमांक द्या आणि वस्तूची कुंडली जाळ्यावरील दप्तरात ठेवा. त्यातून निघालेल्या 96 बिट्सच्या क्रमांकात कंपनीचा संकेत, मालाचा प्रकार आणि नगाचा अनुक्रम असे भाग असतात. अनुक्रमासाठी 38 बिट्स राखलेले असल्याने एकाच प्रकारच्या सुमारे 27,487 कोटी नगांना स्वतंत्र क्रमांक देता येतो. बारकोड हा सदरा कोणत्या जातीचा ते सांगतो. हा क्रमांक त्या जातीतला नेमका कोणता सदरा ते सांगतो. ॲपच्या पडद्यावर प्रथम जी चोवीस षोडशमान अंकांची अगम्य ओळ उमटते तिची फोड करून हे भाग वेगळे काढणे, आणि जी ओळ या साच्यात बसतच नाही तिला परकी म्हणून बाजूला काढणे, हा पुढच्या साऱ्या कामाचा पाया.

फोन टेकवून एकेक पुस्तक वाचणे देवघेवीच्या टेबलावर ठीक. पण वार्षिक पडताळणीत पन्नास हजार पुस्तकांपुढे फोन टेकवीत कोण बसणार? म्हणून काही ग्रंथालये आणि बहुतेक गोदामे यूएचएफचा अंगीकार करतात. अशा वेळी फोन मूठ आणि खटका असलेल्या एका वाचकयंत्रावर बसवितात, व्यवहारात ज्याला स्लेड म्हणतात. किंवा फोन व वाचक एकाच देहात असलेले हँडहेल्ड वापरतात. झेब्रा, चेनवे यांसारखे उत्पादक यंत्राबरोबर प्रोग्रामरसाठी आज्ञावलींचा संच देतात आणि ॲप ब्लूटूथवरून त्या यंत्राशी बोलते. पहिली आज्ञा देशाच्या कायद्याची असते: भारतात 2005 साली 865 ते 867 मेगाहर्ट्झ हा पट्टा या कामासाठी परवान्यावाचून खुला झाला व पुढे 868 पर्यंत वाढविण्यात आला, अमेरिकेत चालणारा 902 ते 928 चा पट्टा येथे मोबाइल सेवेच्या हद्दीत घुसतो. परदेशी मांडणीचे यंत्र जसेच्या तसे चालविणारे ॲप म्हणूनच केवळ सदोष नसते, बेकायदाही असते.

खटका दाबताच समोरचे शेकडो टॅग एकदम जागे होतात, आणि सगळे एकाच वेळी बोलू लागले तर कोणाचेच काही कळणार नाही. गोंगाट करणाऱ्या वर्गाची हजेरी गुरुजींनी अशी घ्यावी, की प्रत्येक मुलाने मनातल्या मनात एक अंक धरावा, गुरुजींनी अंक मोजीत जावे आणि आपला अंक येईल तेव्हाच मुलाने हूं म्हणावे. दोघांचा अंक एकच निघाला तर त्यांनी पुढच्या फेरीत पुन्हा अंक धरावा. टॅगांची हजेरी नेमकी अशीच होते: वाचकयंत्र अंकांची मर्यादा जाहीर करते, प्रत्येक टॅग यदृच्छेने एक अंक धरतो, पाळी आल्यावर प्रथम सोळा बिट्सचा एक तात्पुरता संकेत उच्चारतो आणि वाचकाने तो जशाच्या तसा परत म्हटला म्हणजे मगच आपला खरा क्रमांक सांगतो. हजेरी दिलेल्या टॅगाने किती काळ गप्प राहावे हेही ठरविता येते. थोडे टॅग वारंवार ऐकावयाचे असतील तर मौन अल्पकाळाचे आणि भरलेल्या कपाटातला प्रत्येक टॅग एकदा तरी ऐकावयाचा असेल तर दीर्घकाळाचे ठेवावे लागते. ही निवड यंत्राची नव्हे, ॲप रचणाऱ्याची. आणि ती चुकली तर पुढील टॅगांचा आवाज मागच्यांना कायमचा झाकून टाकतो.

येथून रुजुवातीला प्रारंभ होतो. यंत्र सेकंदाला शेकडो वाचने ॲपकडे लोटते. त्यांत एकच टॅग पन्नास वेळा असू शकतो. प्रत्येक वाचनागणिक पडदा रंगविणारे ॲप क्षणार्धात गुदमरते, आणि प्रत्येक वाचनागणिक नोंद करणारे ॲप एका पुस्तकाची पन्नास पुस्तके करते. म्हणून वाचने आधी एका संचात जमा करावी लागतात: क्रमांक कोणता, प्रथम केव्हा ऐकू आला, शेवटी केव्हा, किती वेळा, आणि सर्वांत स्पष्ट आवाज किती बळाचा होता. या पाच गोष्टींवरून वाचनाचे रूपांतर घटनेत होते, आणि दप्तरात जावयाची ती घटना, वाचन नव्हे. भिंतीपलीकडच्या खोलीतला वा लोखंडी कपाटावरून परतलेल्या लहरीने जागा झालेला टॅग एकदोनदाच क्षीण स्वरात ऐकू येतो. त्याला या कपाटातला म्हणावे की शेजारचा, याची रेघ कोठे ओढावी हे कागदावरच्या गणिताने ठरत नाही, त्या जागेत यंत्र घेऊन हिंडल्यानेच ठरते. कार्यालयातल्या मेजावर निर्दोष चाललेले ॲप गोदामात जाताच भांबावते ते याचमुळे.

याहून गहन प्रश्न न ऐकू आलेल्या टॅगांचा आहे. पडताळणी संपल्यावर ॲपने तीन याद्या द्याव्यात: जी पुस्तके दप्तराप्रमाणे येथे असावयास हवी होती व सापडली, जी सापडली पण दप्तराप्रमाणे अन्यत्र असावयास हवी होती, आणि जी असावयास हवी होती पण ऐकू आली नाहीत. पहिल्या दोन याद्यांना प्रत्यक्ष साक्षीचा आधार आहे. तिसरीला केवळ मौनाचा. पुस्तक चोरीस गेले असेल, वाचकाकडे असेल, दोन जाडजूड ग्रंथांमध्ये टॅगाला टॅग चिकटून मुका झाला असेल, किंवा त्याची पाठ धातूच्या फळीला टेकली असेल. अशा पुस्तकांपुढे 'गहाळ' असा शिक्का मारणारे ॲप ग्रंथपालाच्या माथी नसता आळ आणते. 'ऐकू आले नाही' असे लिहून त्यांचा एकेकाचा शोध घेण्याची सोय देणारे ॲप त्याचे खरे साह्य करते. ही सोय अशी की, एक क्रमांक निवडावा, यंत्र कपाटापुढून फिरवावे आणि टॅगाचा आवाज बळावेल तसतसा फोनचा टणत्कार जलद व्हावा. याप्रमाणे उलट्या बाजूस ठेवले गेलेले पुस्तक दहा मिनिटांत हाती येते.

दप्तराचीही काही कर्तव्ये आहेत. तळघरातल्या संग्रहात जाळे पोहोचत नाही. तेव्हा घटना आधी फोनमधल्या छोट्या दप्तरात साठवून पुढे संधी मिळताच मुख्य दप्तराला कळवाव्या लागतात, आणि मध्येच संपर्क तुटून तीच घटना दोनदा कळविली गेली तरी नोंद एकदाच व्हावी म्हणून प्रत्येक घटनेला स्वतःचा अनन्य क्रमांक द्यावा लागतो. दोन कर्मचारी दोन फोन घेऊन एकाच दालनात फिरले, तर एकाच पुस्तकाविषयी दोन भिन्न साक्षी येतील. त्यांपैकी कोणती अलीकडची हे फोनच्या घड्याळावर सोपवून भागत नाही, कारण घड्याळे मागेपुढे असतात, म्हणून फोनची वेळ व मुख्य दप्तरात पोहोचल्याची वेळ या दोन्ही ठेवाव्यात. टॅगवर काही लिहावयाचे असेल, तर लिहून झाल्यावर ते पुन्हा वाचून ताडून पाहावे. कारण लिहिता लिहिता हात हलला म्हणजे अर्धवट मजकूर तसाच राहतो.

साक्षीदार खोटाही असू शकतो. प्रत्येक चिपला कारखान्यातून एक ओळखक्रमांक मिळतो आणि तो बदलता येत नाही, अशा समजुतीवर कित्येक कचेऱ्यांच्या दारांची कुलुपे व हजेरीची ॲप्स रचली गेली आहेत. वस्तुतः हवा तो ओळखक्रमांक धारण करणारी कोरी कार्डे विकत मिळतात. लंडनच्या ऑयस्टर कार्डांत व नेदरलँड्सच्या प्रवासी कार्डांत वापरलेल्या मायफेअर क्लासिक या चिपची गुप्त संकेतपद्धती 2008 साली नायमेखनच्या रॅडबाउड विद्यापीठातील संशोधकांनी भेदून दाखविली. उत्पादक एनएक्सपी कंपनीने तो निबंध छापला जाऊ नये म्हणून न्यायालयात धाव घेतली, पण न्यायालयाने मनाई करण्यास नकार दिला. तात्पर्य, ओळखक्रमांक म्हणजे नाव सांगणे होय, ओळख पटविणे नव्हे. ओळख पटवावयाची असेल, तर ॲपने वा त्यामागील दप्तराने चिपला दर वेळी नवा प्रश्न घालावा आणि चिपने आपली गुप्त किल्ली न उघडता तिच्या योगे उत्तर द्यावे, अशी व्यवस्था हवी. आणि ती किल्ली फोनमध्ये न ठेवता दप्तराकडेच असलेली बरी.

या व्यवस्थेचा उत्तम नमुना ई-पासपोर्ट हा होय. भारतात राजनैतिक ई-पासपोर्टांना 2008 साली प्रारंभ झाला आणि पहिला तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांना देण्यात आला. सामान्य नागरिकांसाठी 2024 पासून ते टप्प्याटप्प्याने देण्यास सुरुवात झाली, आणि आरंभीच्या निवडक कार्यालयांत नागपूरचा समावेश होता. नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या जाणाऱ्या या पुस्तिकेत चिप व अँटेना दडविलेली असते. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या नियमांनुसार अशी चिप कोणाही वाटसरूशी बोलत नाही. मूळ पद्धतीत पासपोर्टचा क्रमांक, धारकाची जन्मतारीख आणि मुदतीची तारीख यांपासून किल्ली तयार होते, आणि ही माहिती छापील पानावर असल्यामुळे पुस्तिका ज्याच्या हाती उघडून दिली आहे त्यालाच ती मिळते. म्हणून पासपोर्ट वाचणारे ॲप आधी कॅमेऱ्याने पानाच्या तळच्या दोन ओळी टिपते, त्यांवरून किल्ली बनविते, चिपशी गुप्त संभाषण सुरू करते आणि शेवटी त्या माहितीवर पासपोर्ट देणाऱ्या राष्ट्राची अंकीय स्वाक्षरी खरी आहे की नाही हे ताडते. येथे टॅगचा शब्द, छापील पान आणि शासनाची मोहोर यांची परस्परांशी पडताळणी होते.

यूएचएफ टॅग मात्र इतका शहाणा नसतो. तो विचारील त्याला क्रमांक सांगतो. 2003 साली बेनेटन कंपनी आपल्या कपड्यांत टॅग शिवणार अशी वार्ता पसरताच युरोप-अमेरिकेतल्या ग्राहकांनी जो गहजब केला तो याच कारणाने: विकत घेतलेला सदरा अंगावर असताना त्याने परक्याच्या यंत्राला उत्तर का द्यावे? 2004 साली निश्चित झालेल्या यूएचएफ टॅगांच्या दुसऱ्या पिढीच्या मानकात टॅगाला कायमचा मुका करण्याची आज्ञा अंतर्भूत आहे, परंतु विक्रीच्या वेळी ती देणारे ॲप कोणीतरी लिहावे लागते. ग्रंथालयाच्या बाबतीतही कोणी कोणती पुस्तके वाचली हा तपशील व्यक्तीचा खाजगी ठेवा आहे; देवघेव पूर्ण झाल्यावर त्याचे दप्तर कोठवर जपावे याचा विचार ॲपचा आराखडा करतानाच करावयास हवा, आणि 2023 च्या वैयक्तिक अंकीय माहिती संरक्षणाच्या कायद्यानंतर हा नुसता सुजाणपणाचा भाग उरलेला नाही.

या व्यवसायात नव्याने शिरणाऱ्या तरुणांना वाटते की, टॅग वाचणे हीच अवघड कला. प्रत्यक्षात वाचनाचा भाग उत्पादकाच्या आज्ञावलींमुळे एका दिवसात साधतो आणि पुढचे कित्येक महिने काय ऐकले यापेक्षा ऐकलेल्याचे काय करावे यातच जातात. ज्यांना ॲप लिहावयाचे नाही, केवळ विकत घ्यावयाचे आहे, त्या ग्रंथपालांनी, गोदामपालांनी आणि संस्थांच्या चिटणिसांनी विक्रेत्याला वाचनाचा वेग व अंतर विचारण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: एकच टॅग पन्नासदा ऐकू आला तर तुमच्या दप्तरात किती नोंदी होतात? ऐकू न आलेल्या वस्तूला तुमचे ॲप काय म्हणते? आणि नक्कल केलेला टॅग पुढे केला तर ते कशावरून ओळखते? या तिहींची उत्तरे ज्याच्यापाशी तयार असतील त्याच्याकडून माल घ्यावा. कारण वाद उपस्थित होईल त्या दिवशी ज्या कर्मचाऱ्याला जाब द्यावा लागतो, त्याच्या बाजूने यंत्राचा वेग उभा राहत नाही, दप्तरातली नीट ठेवलेली नोंद तेवढी उभी राहते.